देवळात शंभर, घरात किती?

सड्याखाली उंबरसडे नावाचं गाव होतं. सडा म्हणजे वरचं कातळाचं उघडं रान. तिथं देवीचं देऊळ. खाली उतरलं की माड, पोफळी आणि चिऱ्याच्या जाड भिंतींची घरं. अगदी खालच्या टोकाला, वहाळाजवळ, म्हणजे ओढ्याकाठी, शेवंता नावाची एक बाई राहायची. तिची गावात एकच ख्याती होती. ती ‘हो’ म्हणायला वेळ लावायची.

गावाला हे खपत नसे. झटकन मान डोलावणारी बाई कुठल्याही गावाला आवडते. शेवंता मान डोलावण्याआधी विचारायची, “कशाला?”

तिला एक भाऊ होता, दिगू. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गाव त्याला मुका म्हणायचं. मुका कसला? दोन्ही हातांनी तो इतकं बोलायचा की कधीकधी शेवंता त्याचे हात धरून ठेवायची, “पुरे रे आता, मला भात टाकू दे.” गावातल्या प्रत्येकाला त्यानं आपल्या भाषेत नाव ठेवलं होतं. गावचे मुख्य मानकरी मधुअण्णा. त्यांचं नाव घ्यायचं असलं की दिगू स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा. पण ही नावं कळणारं माणूस गावात एकच, शेवंता. बाकीचे त्याला हातानं ‘जेवलास का’ एवढं विचारायचे आणि उत्तर बघायला न थांबता पुढं जायचे.

शेवंतानं लग्न केलं नव्हतं. कुणी टोकलं तर म्हणायची, “दिगूच्या गप्पा संपल्या की करीन.”

भावामुळे आलेली ही हातांची भाषा तिनं पुढं शिकून पक्की केली. जिल्ह्याच्या इस्पितळात ऐकू न येणारा रोगी आला की तिला बोलावणं यायचं. रोगी हातांनी सांगणार, ती डॉक्टरला तोंडानं सांगणार. डॉक्टर तोंडानं विचारणार, ती रोग्याला हातांनी विचारणार. असं काम. मग पुण्याच्या एका संस्थेचा निरोप आला. घरी बसून पडद्यावर हेच करा, राज्यातल्या कुठल्याही इस्पितळातून हाक येईल. आधी एक महिना उमेदवारी. चित्र मधेच थांबायला लागलं तर मात्र घरून जमणार नाही, मग पुण्याला येऊन आमच्या कचेरीत बसावं लागेल.

पुणं तिला परकं नव्हतं. पण दिगू पोफळी सोडून हलणारा नव्हता. तसं त्यानं एकदाच सांगितलं होतं, आणि तो एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नसे. ती गेली असती तर त्या भरल्या गावात दिगूशी बोलणारं एकही माणूस उरलं नसतं. जेवलास का, एवढ्यावर माणूस किती दिवस जगतो?

म्हणून शेवंताला घरात इंटरनेट हवं होतं. मिरवायला नव्हे.

नेमकं त्याच हिवाळ्यात गावालाही ते हवंसं वाटलं. मोबाइलची रेंज देवळापाशी यायची, खाली घरांत शिरायची नाही. जुन्या टेलिफोनची तांब्याची तार होती, ती पावसात भिजली की नुसती खरखरायची. तेव्हा नवीन काहीतरी आणायचं ठरलं.

आता त्या गावाची एक रीत होती. नवी वस्तू आली की आधी देवीला कौल लावायचा आणि मग ती वस्तू देवळात चालवून बघायची. भात भरडायची गिरणी देवळात चालवून बघितली. लाउडस्पीकर देवळात बघितला. पाणी तापवायचा बंबसुद्धा कुणीतरी देवळात आणून पेटवला होता. देवळात चाललं की गावात चाललं, असा हिशेब. आणि एकदा ठरलं की सगळ्यांनी तेच घ्यायचं. वेगळं घेणारा म्हणजे गावाच्या तोंडावर बोलणारा.

गुरवानं देवीच्या अंगाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मधुअण्णांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, “बाय देवी, गावात इंटरनेट यावं का, सांग.” उजवी पाकळी पडली. सगळ्यांनी नमस्कार केला.

दोन विक्रेते आले होते. पहिला हवेतून देणारा. तालुक्याच्या मनोऱ्यावरून देवळाच्या माथ्यावर येणार, देवळावरून घरोघरी. प्रत्येक घरावर एक छोटी थाळी, तोंड देवळाकडे. माणूस चुणचुणीत, शर्टाला इस्त्री, आणि सारखा मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारा. दिगूनं लगेच त्याचं नाव ठेवलं: मनगटावर दोन टिचक्या.

दुसरा तारवाला. खांद्यावर काळ्या तारेचं भेंडोळं. म्हणाला, “ही काचेची तार. केसाएवढी काच असते आत, तिच्यातून उजेड पळतो. खाली शाळेजवळच्या खांबापर्यंत आलीय. तिथून घरोघरी न्यायची.”

“देवळात चालवून दाखवा,” मधुअण्णा म्हणाले.

“सड्यावर खांबच नाहीत, अण्णा. कातळात खड्डा घेणार कुठं? पण खाली कुणाच्याही घरात दाखवतो.”

“देवीला दाखवता येत नाही आणि आम्हाला दाखवणार!” मधुअण्णांनी मागं वळून पाहिलं. लोक हसले. तारवाल्यानं भेंडोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मग घड्याळवाल्यानं आपली थाळी देवळाच्या कठड्यावर ठेवली. भर दुपारची वेळ. बायामाणसं बागेत, मुलं शाळेत, आकाश मोकळं. त्यानं मोबाइल वर धरला. त्यावर वेग दाखवणारा काटा फिरला आणि शंभरावर जाऊन थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शंभर म्हणजे काय ते निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण आकडा भरघोस होता.

शेवंतानं टाळी वाजवली नाही. तिनं विचारलं, “हे आणायचे शंभर. धाडायचे किती?”

“म्हणजे?”

“तिकडचं चित्र माझ्याकडे येणार ते शंभरानं. माझं चित्र तिकडे जाणार ते किती वेगानं?”

घड्याळवाला जरा घुटमळला. “बाई, धाडतं कोण एवढं? सगळे बघायलाच घेतात.”

“मी धाडते. माझे हात धाडायचेत मला.”

“अगो शेवंते,” मधुअण्णा म्हणाले, “देवळात एवढं फर्मास चाललंय. तुझं घर देवीपेक्षा मोठं लागून गेलं काय?”

“देवीला नुसतं बघत बसायचंय, अण्णा. मला बोलायचंय. आणि देवी सड्यावर राहते, मी खाली माडांत राहते. ही थाळी माझ्या घरी आणा. दुपारी नको. दिवेलागणीला आणा, सगळं गाव घरात आलं की.”

“देवीनं उजवी दिलीय. आता तू फाटे फोडू नकोस.”

“देवीनं इंटरनेटला उजवी दिली. थाळीचं तुम्ही तिला विचारलंत कुठं?”

गुरव खाली बघून हसला. मधुअण्णांना ते दिसलं. ज्याची चूक सगळ्यांसमोर दाखवली जाते तो माणूस दोनच गोष्टी करतो: सुधारतो नाहीतर सूड धरतो. मधुअण्णांनी कुठली केली ते सांगायला नकोच. त्या दिवशी गावानं थाळी घ्यायचं ठरवलं.

पण शेवंता नुसतीच तोंडानं भांडणारी नव्हती. घड्याळवाल्याकडून तिनं आठवडाभरासाठी एक थाळी मागून घेतली. “चालली तर घेईन, तुझ्या पायाशी येऊन घेईन,” म्हणाली. त्यानं खुशीनं घरावर बसवून दिली.

दुपारी चित्र बरं आलं. शेवंतानं ते मान्य केलं. खोटं बोलून वाद जिंकण्यात तिला गोडी नव्हती.

मग घराघरांवर थाळ्या बसल्या आणि एका संध्याकाळी तिनं खरी परीक्षा घेतली. दिगूला मोबाइल देऊन देवळाकडे धाडलं, तिथं रेंज होती. स्वतः घरात पडद्यासमोर बसली आणि हातांनी बोलू लागली. त्या वेळी गावात सगळ्यांचे दिवे लागले होते. या घरात मालिका, त्या घरात क्रिकेट, पलीकडे मुंबईच्या लेकीशी गप्पा. सगळ्यांना पुरवायला वरची ती एकच थाळी. त्यात माडांच्या झावळ्या वाऱ्यानं आडव्या येत होत्या.

दिगू परत आला तो तणतणत. मोबाइलवर ती कशी दिसली ते त्यानं करून दाखवलं. हात उचलला, पोटाशी नेला आणि तिथंच पुतळ्यासारखा थांबला. मग दुसऱ्या हातानं विचारलं, ‘पुढं काय?’

शेवंता दुसऱ्या दिवशी ती थाळी काखेत मारून चावडीवर गेली. तिथं मधुअण्णा होते, घड्याळवाला होता, चारजण होते. तिनं सगळ्यांसमोर हात पोटाशी नेला आणि तसाच ठेवला.

“सांगा बघू, मी काय म्हणाले?”

कुणी म्हणालं, भूक लागली. कुणी म्हणालं, पोटात दुखतंय. एक बाई हसून म्हणाली, “दिवस गेले!”

“बघा. तिन्ही वेगळी. आता डॉक्टरनं यातलं काय समजायचं? थाळी तुमची देवळात उत्तम. मला देवळात राहायचं नाही.” तिनं थाळी घड्याळवाल्याच्या मांडीवर ठेवली. “मी तार घेणार.”

“गाव सोडून?” मधुअण्णा उठून उभे राहिले.

“गावातच राहून.”

“तुझ्या घराकडे यायला तारेला माझ्या बागेतून यावं लागेल. माझ्या माडांवरून तुझी तार जाणार नाही, ऐकून ठेव. आणि गावाचं मोडणाऱ्याच्या दारात शिमग्याला पालखी थांबत नाही.”

शिमग्यात देवीची पालखी त्या गावात घरोघरी जायची. वर्षातून एकदा देवी प्रत्येकाच्या अंगणात यायची, नाचायची, ओटी घ्यायची. ज्याच्या दारावरून ती पुढं जाईल त्यानं वर्षभर मान कशी वर करायची?

शेवंता म्हणाली, “देवीला यायचं असेल तर येईल. तिला तुमच्या माडांवरून यावं लागत नाही.” आणि ती निघून गेली.

आता तार आणायची कुठून? शाळेजवळच्या खांबापासून तिच्या घरापर्यंत एक पाखाडी उतरत होती. दगडी पायऱ्यांची जुनी पायवाट, ग्रामपंचायतीची. शेवंता पंचायतीत गेली आणि पाखाडीच्या कडेनं चर खणायची परवानगी मागितली. सरपंचबाईंनी देऊन टाकली. “पाखाडी कुणाच्या बापाची नाही,” म्हणाल्या. “फक्त पायऱ्या ढिल्या करू नका.”

तारवाला म्हणाला, “पाइपात घालून पुरलीत तर माझी ना नाही. पण काटकोनात वळवू नका हं. काच आहे, मोडेल.”

बहीण-भाऊ पहार आणि फावडं घेऊन कामाला लागले. खाली जांभा दगड. पहार मारली की ठिणगी उडायची. पोफळींना पाणी द्यायचा काळा पाइप दिगूनं आणला. जिथं पाखाडी वळत होती तिथं त्यानं तारेला इतकं हळुवार वळण दिलं, जणू झोपलेल्या पोराची मान सरळ करतोय.

जाणारे-येणारे थांबायचे. फुकटची करमणूक होती.

“काय गो शेवंते, विहीर काढतेस?”

“नाही हो. लोकांच्या तोंडात घालायला माती काढतेय.”

“आमच्याकडे शंभर आलेत. तुझ्याकडे किती येणार?”

“चाळीस.”

“चाळीस! एवढं खणून चाळीस!”

“माझे चाळीस घरात असणार आहेत. आणायलाही चाळीस, धाडायलाही चाळीस, आणि तुम्ही सगळे जेवून टीव्हीसमोर बसलात तरी चाळीसच. तुमचे शंभर सध्या कुठं आहेत, देवळात ना? नमस्कार करून या त्यांना.”

विचारणारा पाय उचलून चालता झाला. काय चाललंय ते दिगूनं हातांनी विचारलं. शेवंतानं सांगितलं. दिगूनं फावडं टाकलं आणि पोट धरून हसला.

चर पुरा झाला. तार घरात आली. शेवंताची उमेदवारी सुरू झाली. कधी नाशिककडची हाक, कधी लातूरकडची. ती पडद्यासमोर बसायची, मागं भिंतीला निळी चादर लावलेली, म्हणजे हात उठून दिसावेत. चित्र थांबलं नाही. वीज जायची, पण तारेच्या डब्याला तिनं बॅटरी जोडली होती. एकदा पाखाडीवर कुणाची तरी म्हैस धडपडली आणि पाइप उघडा पडला. दिगूनं तो त्याच दिवशी पुन्हा बुजवला. हेही सांगायला हवं. तार म्हणजे काही देवाची देणगी नव्हे, तिलाही राखावं लागतं.

उमेदवारीचे शेवटचे दिवस आणि शिमगा एकत्रच आले.

त्या वर्षी मधुअण्णांनी मोठा बेत केला होता. मुंबईचे जे चाकरमानी गावी येऊ शकले नव्हते त्यांना पालखी मोबाइलवर थेट दाखवायची. त्यांनी सगळ्यांना कळवलं होतं: संध्याकाळी बसा, देवी घरबसल्या दिसेल, आपल्याकडे शंभर आहेत. मुंबईत कुणाची म्हातारी आई अंथरुणावर होती, कुणाला रजा नव्हती. सगळे आपापल्या खोल्यांत हळदीकुंकू घेऊन बसले होते म्हणे.

संध्याकाळ झाली. ढोल लागले. पालखी सड्यावरून उतरली आणि घरोघरी फिरू लागली. ज्या घरात जाईल त्या घरच्या थाळीवरून चित्र धाडायचं, असं ठरलं होतं. पण शिमग्याची संध्याकाळ. घरं पाहुण्यांनी फुटायला आलेली, आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातात मोबाइल. पहिल्या अंगणात देवी हवेतच थांबली. दुसऱ्या अंगणात देवीचं तोंड चौकोनी झालं. तिसऱ्यात काहीच नाही. मुंबईहून फोनावर फोन. “अण्णा, पालखी अडकली!” “अण्णा, आई विचारतेय, देवी दिसत का नाही?”

तेव्हा गुरवच म्हणाला, “अण्णा, खाली वहाळाजवळ एक घर आहे. तिथलं थांबत नाही.”

सगळ्यांना माहीत होतं ते कुणाचं घर. पालखीच्या भोयांनी मधुअण्णांकडे पाहिलं. मधुअण्णांनी नुसतं पाखाडीकडे बोट केलं.

शेवंताच्या अंगणात सडा घातलेला होता, रांगोळी काढलेली होती. पालखी येणार नाही असं तिला सांगितलं होतं तरी. तिनं दार सजवलं होतं ते मधुअण्णांसाठी थोडंच?

पण दारात ती नव्हती. दिगू होता, दोन्ही हात चौकटीला लावून.

आत शेवंता पडद्यासमोर बसली होती. पलीकडे सोलापूरकडच्या एका लहान इस्पितळात ऐकू न येणारी एक बाळंतीण टेबलावर होती. तिचा हात पोटाशी आला, मग वर गेला, मग जोरजोरात काही सांगू लागला. शेवंताची नजर त्या हातावरून हलत नव्हती. “डॉक्टर, ती म्हणतेय बाळ मघापासून हललं नाही. कळा थांबल्यात असं म्हणतेय. थांबा, पुढं सांगतेय…”

बाहेर ढोल घुमू लागले. आत डॉक्टरचा आवाज बुडाला.

“बाजूला हो रे,” मधुअण्णा दिगूला म्हणाले. “शेवंते! बाहेर ये! देवी दारात आलीय!”

दिगू हलला नाही. दिगूशी भांडायची सोय नव्हती. त्याला ऐकूच येत नव्हतं. मधुअण्णा ओरडले, ते त्याच्या कानावर नाही, फक्त तोंडावर आलं, थुंकीसकट. त्यानं तोंड पुसलं. मग त्यानं आत वळून पाहिलं, तर बहिणीनं एक हात मागं करून मूठ मिटली होती. ‘आवाज थांबव.’

दिगू पायरी उतरला. ढोल त्याला ऐकू येत नसे, पण छातीत वाजायचा. तो सरळ ढोलवाल्यापाशी गेला आणि ढोलाच्या कातड्यावर आपला पंजा पसरून ठेवला. ढोल मुका झाला. मग दुसऱ्या ढोलावर. ढोलवाल्याची टिपरी वरच राहिली. अंगणात एवढी शांतता पडली की आतला डॉक्टरचा आवाज बाहेर ऐकू आला, आणि शेवंताचा: “तिला सांगितलं, भिऊ नकोस. ती विचारतेय, आत्ताच ऑपरेशनला न्यायचं का? हो म्हणू?”

“हो म्हणा,” डॉक्टर म्हणाला.

शेवंतानं हो म्हटलं. जी बाई हो म्हणायला वेळ लावायची, तिनं पापणी लवायच्या आत हो म्हटलं.

पालखी अंगणात उभी होती. भोयांनी खांदे बदलले. कधी कुणासाठी न ताटकळलेली देवी, हा गावचा सगळ्यात मोठा मान, त्या दारात तिष्ठत उभी राहिली, ढोलाशिवाय, हाकेशिवाय. बऱ्याच वेळानं, चित्र बंद होता होता, पलीकडून रडणं ऐकू आलं: बारीक, चिरका, रागावलेला आवाज. बाळाचा.

मग शेवंता बाहेर आली. पदरानं तोंड पुसलं. आधी देवीच्या पाया पडली. मग दिगूला एकच खूण केली, ‘झालं.’

“कोण होतं गो?” एका बाईनं विचारलं.

“ते सांगायचं नसतं,” शेवंता म्हणाली. “बोला अण्णा.”

मधुअण्णांनी घसा साफ केला. “मुंबईची माणसं वाट बघतायत. तुझी तार जरा… म्हणजे पालखी इथून दाखवू म्हणतो.”

“मला काय विचारता? तार दिगूनं पुरलीय. त्याला विचारा.”

“त्याला कसा विचारू? तो तर…”

“तो तर काय? बोला ना. सगळे ऐकतायत. तो सोडून.”

मधुअण्णा दिगूकडे वळले. दिगू हाताची घडी घालून उभा होता. सगळं गाव बघत होतं. मधुअण्णांचे हात वर आले आणि काय करावं ते न कळून हवेत राहिले, अगदी त्या अडकलेल्या चित्रासारखे. मग त्यांनी पालखीकडे बोट केलं. घराकडे केलं. मोबाइल दाखवला. आणि शेवटी, दुसरं काही सुचेना तेव्हा, दोन्ही हात जोडले.

दिगूनं मान हलवली. नाही म्हणून नव्हे. चुकलं म्हणून. त्यानं स्वतःचे हात पुढं धरून दाखवलं, ‘मला दे’ असं कसं म्हणतात ते. मधुअण्णांनी केलं. पुन्हा चुकलं. दिगूनं पुन्हा दाखवलं. तिसऱ्या वेळी बरोबर आलं. तेव्हा दिगू हसला, स्वतःच्या पाठीवर थाप मारली आणि दारातून बाजूला झाला.

“काय म्हणाला?” मधुअण्णांनी विचारलं.

“तुमचं नाव घेतलं. या म्हणाला.”

“हे माझं नाव?” त्यांनी आपल्या पाठीला हात लावून पाहिला. “असलं?”

“आज इतक्या वर्षांनी विचारलंत. वागणं बदला, तो नावही बदलेल. तसा तो हट्टी नाही.”

गाव हसलं. ढोल पुन्हा लागले. पालखी त्या अंगणात नाचली ती त्या वर्षी कुठंच नाचली नव्हती तशी, आणि मुंबईत अंथरुणावरच्या त्या म्हातारीला देवीच्या नथीतला मोती दिसला.

संस्थेनं शेवंताला कायम केलं. शिमगा सरला तसे लोक एकेक करून तारवाल्याकडे जाऊ लागले. मधुअण्णांनी आपल्या बागेत खांब रोवू दिला. गोडीनं दिला असं मी म्हणणार नाही, पण दिला.

देवळावरची थाळी अजून आहे. सड्यावर दोन धनगरांची घरं आहेत, तिथं तार पोचत नाही आणि झाडही आडवं येत नाही. त्यांना ती थाळीच छान चालते, ते तिला नावं ठेवत नाहीत. ठेवावीत तरी का? त्यांच्या घरात चालते. दुपारी कुणी देवळात उभं राहून बघितलं तर तिच्यावर आजही शंभर दिसतात. फक्त आता टाळ्या वाजवायला कुणी थांबत नाही.

तात्पर्य, तेही आडून नको, सरळ सांगते: वस्तू विकणाऱ्याच्या जागी आणि त्याच्या वेळी बघू नका, आपल्या घरात, आपल्या गरजेच्या घडीला, आपल्याच कामाला लावून बघा. आणि तिथं ती टिकली नाही तर सगळं गाव टाळ्या वाजवत असलं तरी नाही म्हणा, आणि उद्या पहार उचलून आपला चर आपण खणा.